शेरा : छपाई पुसट

सोमवारी सकाळी दहा वाजता कारखान्यात डोळ्यांची तपासणी होती आणि क्रेनवाल्याला तक्ता तोंडपाठ होता. वरपासून खालपर्यंत सातही ओळी. दाढी करताना, बुटाची नाडी बांधताना, चहात साखर ढवळताना त्याचे ओठ हलत. बायकोला वाटे, चला, उशिरा का होईना, माणूस जपाला लागला.

तक्ता बदलत नाही याची त्याला खात्री होती. डॉक्टर दर दोन वर्षांनी बदलत, पण प्रथमोपचाराच्या खोलीत त्याच भिंतीवर, त्याच वाकड्या खिळ्याला तोच पिवळा पडलेला तक्ता अकरा वर्षं लटकत होता. गेल्या वर्षी शेवटच्या ओळीत तो अडखळला होता. मधलं अक्षर जागेवरून सरकल्यासारखं वाटलं आणि त्याने अंदाजाने ठोकून दिलं. डॉक्टर घाईत होता, त्याने सही केली. मग कोट चढवायच्या निमित्ताने हा तक्त्यापाशी रेंगाळला आणि जवळून सगळ्या ओळी डोक्यात भरून बाहेर पडला. लागलंच कधी तर असावं, असं स्वतःलाच म्हणाला. माणूस स्वतःशी किती सहज खोटं बोलतो हे ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

तो काम करायचा तो कारखाना यंत्रांचे लोखंडी भाग ओतण्याचा. छपराखाली रुळांवर क्रेन, क्रेनला काचेची केबिन, आणि केबिनमध्ये चोवीस वर्षं हा. सगळा कारखाना त्याला ‘वरचे’ म्हणायचा. माल कधी हलणार असं कोणी विचारलं की खालचे लोक छताकडे बोट दाखवून म्हणत, वरच्यांची मर्जी. दोन-दोन टनांचे साचे तो हुकाला लटकवून या टोकाचे त्या टोकाला न्यायचा. उंचीवरून सगळं धड दिसत नाही म्हणून खाली एक माणूस हाताने खुणा करतो. चला, डावीकडे, खाली सोडा, थांबा. त्या माणसाचा जीव वरच्याच्या डोळ्यांवर असतो. आणि तो माणूस म्हणजे वरच्यांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला नोकरीला यानेच चिकटवला होता.

तपासणीच्या कागदावर सही झाली नाही तर केबिन बंद. मग अवजारांच्या खोलीत खिडकीशी बसून पाने-पक्कड वाटायचं काम. ज्याला सगळे मान वर करून बघतात त्याने खिडकीतून हात बाहेर काढायचा. हे त्याला मरणाहून वाईट वाटत होतं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटत होती.

गेल्या तपासणीनंतर आठवड्याभरात तो कॅन्टीनमागच्या वाचनालयाचा सभासद झाला. लोकांना सांगितलं, वर दोन खेपांच्या मधे वेळ जात नाही. एकतीस पायऱ्यांची शिडी दहा मिनिटांसाठी कोण उतरणार. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. एक पुस्तक संपलं की डोळे पास, असा त्याचा हिशेब होता. त्यासाठी त्याने वही केली. क्रमांक, पुस्तक, संपल्याची तारीख आणि शेरा, असे रकाने आखले. तपासणी म्हणून सुरू झालेलं हे खूळ तिसऱ्या पुस्तकाला त्याच्या अंगात भिनलं. वर्षभरात एकतीस पुस्तकं झाली, जितक्या शिडीला पायऱ्या.

म्हणूनच तर ही पंचाईत उभी राहिली. वाचनालय सांभाळणारा हजेरी कारकून खूश झाला आणि वार्षिक सभेत ‘माझं वर्षभराचं वाचन’ यावर वरच्यांनी चार शब्द बोलावेत असं त्याने ठरवून टाकलं. सभेत टेबलावर मांडायला म्हणून ती एकतीसच्या एकतीस पुस्तकं दोन खोक्यांत भरून त्याने घरी पाठवली. भाषण लिहून काढायला रविवारी दुपारी लेक आली. ती छापखान्यात अक्षरजुळणी करायची. पुस्तकाची पानं लावणं, अक्षर किती मोठं, दोन ओळींत किती जागा, हे तिचं रोजचं काम.

“तुमच्या अक्षरात काय बिघडलंय?” तिने विचारलं.

“हात थरथरतो,” तो म्हणाला. हात ठणठणीत होता. आखलेली रेघ मधेच वाकायची आणि अक्षरं तिच्यावरून घरंगळायची, हे कसं सांगणार.

बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. लेकीने जमिनीवर बसून पुस्तकं वहीतल्या क्रमाने भिंतीला लावली आणि पेन उघडलं. “सांगा. सुरुवात काय करू?”

“वाचनाने माणसाची दृष्टी व्यापक होते,” त्याने घसा साफ करून सांगितलं.

लेकीने लिहिलं. मग तो रंगात आला. पहिलं पुस्तक समुद्रप्रवासाचं, सातशे पानांचं; त्यातल्या खलाशाला दोन वर्षं जमीन दिसत नाही आणि दिसते तेव्हा तो रडत नाही, झोपतो. हे त्याला फार पटलं होतं. दुसरं कुलुपांचा इतिहास. “चोर नसते तर हा धंदाच नसता, म्हणजे उपकार कोणाचे ते बघ.” मग मधमाश्या, विहिरी खोदणाऱ्यांच्या हकिकती, एका परिचारिकेचं आत्मचरित्र. परिचारिकेने लिहिलं होतं की रोगी खोटं बोलतो तेव्हा आधी उशी नीट करतो. त्यावर बायको हसली आणि म्हणाली, “म्हणूनच हे आजारी पडले की उशी माझ्याकडून नीट करून घेतात.”

“चौफेर वाचन आहे हो बाबा,” लेक म्हणाली. पुढे पुस्तकं पातळ होत गेली होती. नाटकं. मग कविता. मग एका बापाने परदेशातून लेकीला लिहिलेली पत्रं. मग चित्रांतून पक्ष्यांची ओळख. शेवटचं तर हरवलेल्या हत्तीची गोष्ट, पानाला चार ओळी.

“हे पण?” तिने हत्ती उचलून विचारलं.

“का? म्हाताऱ्याने हत्ती वाचू नये?”

ती हसत वहीतले शेरे वाचायला लागली. सुरुवातीचे शेरे ऐसपैस होते. ‘खलाशी पटला, बोट बुडवायला नको होती.’ ‘विहिरीवाल्याने शेवटी पाणी लागलं की नाही ते सांगितलंच नाही.’ चौथ्या महिन्यात एक शेरा आला: ‘छपाई पुसट.’ पुढच्याला: ‘मजकूर बरा, छपाई वाईट.’ त्याच्या पुढच्याला: ‘छपाई पुसट.’ एकोणिसाव्या पुस्तकापुढे लिहिलं होतं: ‘पत्रं काळजाला भिडली. पण ओळी वाकड्या लावल्या आहेत. जुळणी करणाऱ्याला कामावरून काढा.’

लेकीचं हसू गेलं. ती उठली, भिंतीपाशी गेली, एकोणिसावं पुस्तक काढून उभ्या-उभ्या चाळलं. मग आधीचं काढलं, त्याच्या आधीचं काढलं. मग ती दाराजवळ उजेडात गेली. तो तिच्याकडे बघत राहिला. म्हणजे तिच्या कानाकडे बघत राहिला, कारण सरळ चेहऱ्याकडे बघितलं की चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग येई. कानाकडे बघितलं की चेहरा कडेने दिसे. ही युक्ती त्याला जमून आता तीन महिने झाले होते.

“बाबा, यातल्या कुठल्या पानावर ओळ वाकडी आहे? दाखवा.”

“आता कुठे शोधत बसू.”

“सगळ्याच आहेत म्हणून लिहिलंय. एक दाखवा.”

त्याने पुस्तक घेतलं, उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं. लेकीने त्या बोटाकडे बघितलं. ते ओळीवर नव्हतं, कोऱ्या जागेत होतं.

“ही जुळणी माझी आहे,” ती म्हणाली. “हे पुस्तक आमच्या छापखान्याचं आहे. आतल्या पानावर खाली बारीक अक्षरात माझं नाव आहे. माझं नाव पहिल्यांदा छापून आलं. मी कारकूनकाकांना मुद्दाम सांगितलं होतं, हे वाचनालयात घ्या, बाबांच्या हाती पडेल असं ठेवा. पाच महिने वाट बघतेय, तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून. मला वाटलं, तुम्हाला त्याचं काही नाही.”

बायकोचे हात घडीवर थांबले. मग लेक खाली बसली आणि भिंतीशी लावलेल्या रांगेवरून बोट फिरवायला लागली. “हे समुद्रवालं, दहाचा टाइप. हे अकराचा. बारा. बारा. चौदा. कविता सोळाचा. हत्ती चोवीसचा.” आवाज बारीक झाला होता. “ही आवड नाही, बाबा. तुम्ही दर महिन्याला मोठं अक्षर शोधत गेलात.”

“उद्या तपासणी आहेच,” तो म्हणाला. “पास झालो की झालं ना?”

“कसे व्हाल?”

आणि त्याने, कशाला कोण जाणे, तक्ता म्हणून दाखवला. सातही ओळी, न अडखळता. त्याला वाटलं, हिला धीर येईल. लेकीला दुसरंच आठवलं.

पाच आठवड्यांपूर्वी एक साचा हातभर पुढे गेला होता. मेहुण्याने मूठ वळून ‘थांबा’ केलं आणि वरच्याला ती मूठ दिसली नाही. साच्याची कड शिरस्त्राणाला लागली, शिरस्त्राण उडून घरंगळत गेलं, आणि ज्या डोक्यावर ते होतं ते डोकं केवळ नशिबाने जागेवर राहिलं. चौकशीत मेहुण्याने लेखी दिलं की खूण करायला मलाच उशीर झाला. त्याला ताकीद मिळाली आणि ठरलेलं मुकादमाचं काम दुसऱ्याला गेलं. वरचे गप्प बसले होते. ब्रेकलाही दोष दिला नाही, स्वतःलाही नाही.

“मी मामाला सांगणार नाही,” लेक म्हणाली. “आईपण सांगणार नाही. तुम्ही सांगा. उद्या सातला पाळी आहे ना? दहापर्यंत तोच खाली उभा असणार.” तिने भाषणाचा कागद वहीत घातला, वही त्याच्या हातात दिली आणि चहा न घेता गेली. बायकोने रात्रीचं जेवण वाढलं तेव्हाही तिने एकच विचारलं, “माझ्या भावाचा हात दिसतो का तुम्हाला?” त्याने मोडलेली भाकरी ताटात परत ठेवली.

सोमवारी सातला तो शिडी चढला. पायऱ्या मोजायला डोळे लागत नाहीत. पहिल्या दोन खेपा हलक्या होत्या, निभावल्या. तिसऱ्या खेपेला मोठा साचा आला. साखळ्या बसल्या, खालून शिट्टी झाली, त्याने दांडा ओढला आणि साचा उचलला. मेहुणा नेमका डागाच्या मधोमध उभा होता. त्याने नजर बाजूच्या खांबावर नेली तेव्हा कडेने दोन पिवळे ठिपके दिसले. मेहुण्याचे हातमोजे. ते वर गेले, रुंद पसरले, सावकाश खाली आले. खाली सोडा.

हे हातमोजे पिवळे कधी झाले, हा प्रश्न त्याला त्या वेळी, दोन टन हवेत असताना पडला. बाकी सगळ्यांचे करडेच होते, कारखान्याचे. कॅन्टीनमध्ये मेहुण्याची टरही उडवली गेली होती, नवरदेव कुठे निघाला म्हणून. आणि हा माणूस पूर्वी दोन बोटांत खुणा करायचा. दोन बोटं वर, दोन बोटं खाली, इतकं त्यांचं जुळलेलं. आता तो दोन्ही हात खांद्यापासून हलवत होता. पूर्वी खांबाला टेकून उभा राहायचा, आता मोकळ्या जागेत, खिडकीच्या उजेडात येऊन उभा होता. म्हणजे साच्याच्या जास्तच जवळ. ज्याला जीव जपायचा आहे तो तिथे उभा राहत नाही. ज्याला दिसायचं आहे तो राहतो.

पुस्तकांची अक्षरं क्रेनवाला स्वतः मोठी शोधत होता. इथे मेहुणा स्वतःच मोठा होत होता, महिनेच्या महिने, आणि एका शब्दाने बोलला नव्हता.

साचा खाली टेकेपर्यंत त्याने श्वास घेतला नाही. टेकल्याचा आवाज आला तेव्हा त्याने वीज बंद केली, चावी काढून खिशात टाकली आणि एकतीस पायऱ्या उतरला. साडेआठच वाजले होते. मुकादम ओरडला, काय झालं. “आता वर कोणाला जाऊ देऊ नका, चावी माझ्याकडे आहे,” एवढंच बोलून तो प्रथमोपचाराच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. दीड तास बसला. मेहुणा येऊन शेजारी बसला, त्याचीही तपासणी होती. मांडीवर पिवळे हातमोजे.

डॉक्टर या वेळी एक तरुण बाई होत्या. तक्ता मात्र तोच. “उजवा डोळा झाका. खालची ओळ वाचता येते का बघा.”

खालची ओळ त्याच्या जिभेवर तयार होती. वर्षभर तोंडात घोळवलेली. त्याच्यासमोर भिंतीवर करडा डाग होता आणि डागामागे कुठेतरी त्याची चोवीस वर्षं होती. दार अर्धवट उघडं होतं, बाहेर बाकावर मेहुणा खोकला.

“न, ल, प,” तो म्हणाला आणि थांबला. “पुढचंही पाठ आहे, बाई. दिसत नाही यातलं काही. वरच्या दोन ओळी दिसतात. तेवढ्याच लिहा.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग बराच वेळ दोन्ही डोळ्यांत उजेड पाडून बघितलं. “कधीपासून आहे हे?”

त्याने कोटाच्या खिशातून वही काढून दिली. बाईंनी पानं उलटली, शेरे वाचले, तारखांवरून बोट फिरवलं. इतकी नीट नोंद ठेवलेला रोगी मी बघितला नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ती स्तुती नव्हती. डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं होतं. गेलं ते परत येणार नव्हतं, उरलेलं औषधांनी राखता येणार होतं. “या पहिल्या शेऱ्याला आला असतात तर पुष्कळ राहिलं असतं,” त्या म्हणाल्या. त्याने मान हलवली. तो त्या वेळी छापखान्यांना शिव्या देत होता.

निघताना बाईंनी मुठीएवढं एक भिंग दिलं, आणून द्यायच्या बोलीवर.

बाहेर मेहुणा उभा राहिला. “काय झालं, दाजी?”

“दोन ओळी.”

मेहुणा पुन्हा खाली बसला, आणि त्याने असा श्वास सोडला की शेजारच्या माणसाने वळून बघितलं. “सुटलो,” तो म्हणाला. “खांदे गेले हो माझे. घरी ताट उचलवत नाही.”

“तुला कधी कळलं?”

“तुम्ही माझ्याशी माझ्या कानाकडे बघून बोलायला लागलात तेव्हा.”

“मग बोलला का नाहीस? तुझं डोकं गेलं असतं.”

“तुमची केबिन गेली असती,” मेहुणा म्हणाला. हातमोजे उगीच उलटेसुलटे करत राहिला. “मला नोकरी तुम्ही लावली. मी तुम्हाला खाली उतरवू?”

क्रेनवाल्याला त्याचा रागही आला आणि मायाही आली. तो उठला आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेला. पाच आठवड्यांपूर्वीची चूक माझी होती, ताकीद त्याची नाही, मुकादमाचं काम त्याचं होतं, हे मी सही करून देतो, असं उभ्यानेच सांगितलं. कागदावर कुठे सही करायची ते साहेबांना बोट ठेवून दाखवावं लागलं. तिथली सही जरा खालीच गेली.

दुपारी तो घरी आला. बायकोने तोंडाकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पुस्तकं अजून भिंतीशी रांगेत होती.

“एकोणिसावं दे,” तो म्हणाला. “आणि खिडकी पूर्ण उघड.”

त्याने पुस्तक गुडघ्यावर घेतलं, आतलं पान काढलं आणि भिंग तळाशी नेलं. बारीक ओळी पाण्यात पडल्यासारख्या हलत होत्या. तो नजर कडेला नेत, परत आणत, एक-एक ओळ सरकत राहिला. बायको पाठीमागे येऊन उभी राहिली. तिला ती ओळ दिसत होती, पण तिने ती दाखवली नाही.

बऱ्याच वेळाने त्याचं बोट थांबलं. या वेळी ते ओळीखालीच होतं. लेकीचं नाव त्यानेच ठेवलेलं, त्याला झोपेतही म्हणता आलं असतं. ते त्याने म्हटलं नाही. भिंग पहिल्या अक्षरावर ठेवलं, ते दिसेपर्यंत थांबला, आणि मगच दुसऱ्याकडे गेला.